माळवदावरची माती

मागच्या महिन्यात पुतण्याचा फोन आला. त्यानं लातूरला, शहराच्या बाहेरच्या अंगाला, प्लॉट घेऊन चार खोल्यांचं घर बांधलंय. सहा वर्षं झाली बांधून. आता त्याची बदली झाली, म्हणून घर भाड्यानं द्यायचंय. म्हणाला, "नाना, हॉलच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेलीय. पुट्टी भरून रंग मारून घेऊ का? रविवारी भाडेकरू घर बघायला येणारेत."

प्रश्न साधा होता. मी शेतकरी माणूस, पण भावकीत कुणाचं घर गळलं, कुणाची भिंत खचली, की मला विचारायची रीत पडलीय. एरवी मी फोनवरच सांगून मोकळा झालो असतो. पण त्या 'रविवारी भाडेकरू येणारेत' या बोलण्यापाशी माझी जीभ अडकली. "संध्याकाळी सांगतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

का अडकली, ते सांगायला मागं जावं लागतं.

आमचं घर माळवदाचं. ज्यांनी माळवद बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दगडाच्या दोन हात रुंद भिंती, चिखलात रचलेल्या. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर फळ्या नाहीतर तुराट्या, आणि सगळ्यात वर माती. मधी उजेडाला आणि धुराला एक सानं. उन्हाळ्यात आत गारवा, थंडीत ऊब. रात्री वर अंथरूण टाकलं की सगळं आभाळ आपलं.

रोहिणी निघाल्या की अण्णा, म्हणजे माझे वडील, बैलगाडीनं पांढरीतली माती आणायचे. पांढरी म्हणजे जुन्या गावठाणाची माती. ती चिवट, पाणी खाली झिरपू देत नाही. पाटी-पाटीनं वर चढवायची, पसरायची, पाणी शिंपडून धुमसानं चोपायची, पन्हाळाकडं उतार ठेवायचा. मृगाच्या आत हे झालंच पाहिजे. आम्ही भावंडं वर नाचून माती दाबायचो आणि माय खालून ओरडायची, "सान्याकडं जाऊ नका रे!" गावात चांगला घरधनी कुणाला म्हणायचं, तर ज्याचं माळवद गळत नाही त्याला.

यात एकच गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. माती वर टाकायची सगळ्यांना माहीत होती. खाली काढायची कुणालाच माहीत नव्हती. आज्यानं टाकली, पणज्यानं टाकली, अण्णांनी टाकली. दरसाल बोटभर. पावसानं थोडी वाहून जायची, पण जेवढी जायची त्याहून जास्त यायची. आमच्या मागच्या खणावर माती दोन फूट चढली होती. ती भूषणाची गोष्ट होती.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून पोरंसोरं उशिरा निजलेली. 3 वाजून 56 मिनिटांनी भुई हलली. आमचं गाव किल्लारीपासून लांब. आमच्याकडं भांडी पडली, गोठ्याची एक भिंत बसली, मागच्या खणाच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. माणसं वाचली. उजाडायच्या आत बातमी आली की तेरणेकाठच्या गावांचं काही खरं नाही. आत्याचं गाव तिकडंच.

अण्णा, मी आणि गावातली दहा-बारा माणसं खोरी-टिकाव घेऊन निघालो. गावाची वेस ओळखू आली नाही. घरं नव्हतीच, मातीचे आणि दगडाचे ढीग होते. आत्याचं घर कुठलं, ते दारातल्या लिंबाच्या झाडावरून अण्णांनी ओळखलं. आम्ही दुपारपर्यंत उकरलं. आत्या आणि मामा दोघंही ओसरीच्या आतल्या खणात सापडले. दगड त्यांच्या अंगावर थोडेच होते. अंगावर होती ती माती. माळवदाची.

मामांसारखा घर राखणारा माणूस त्या गावात दुसरा नव्हता. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, सगळं गाव म्हणायचं. रोहिणीत पहिली गाडी मामांची निघायची. त्यांचं माळवद कधी गळालं नाही. आणि त्याच गावच्या कडेला, ज्यांना दगडी घर बांधायची ऐपत नव्हती त्यांची पाल्याची, कुडाची खोपटं उभी होती. त्यातली माणसं आमच्या बरोबरीनं माती उकरत होती.

त्या भूकंपात 8 हजारांच्या आसपास माणसं गेली. 52 गावं उठून दुसऱ्या जागी वसवली. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. माझ्या मनात मात्र एकच हिशेब घोळत राहिला. मी दहावीपर्यंत शिकलेला. एक दिवस मी वहीत मांडलं. खण बारा फूट लांब, दहा फूट रुंद, वर माती दोन फूट. झाली 240 घनफूट. चोपलेल्या मातीचं वजन घनफुटाला 45 किलो धरलं, तरी 10 हजार 800 किलो. म्हणजे जवळजवळ अकरा टन. एका खणावर. आणि त्याच्याखाली आम्ही पिढ्यान् पिढ्या पाळणे बांधले.

मग मामा गुन्हेगार का? त्यांनी आत्याला मारलं का? असं म्हणणाऱ्याची जीभ झडावी. त्यांनी जे केलं ते मायेनं केलं, आणि त्यांना ठाऊक नव्हतं. पण मायेनं टाकलेली म्हणून ती माती हलकी झाली नाही, हेही तितकंच खरं. चांगल्या मनानं केलेल्या कामाचंही वजन असतं. ते कुणावर पडतं, हे काम करणाऱ्याच्या मनावर अवलंबून नसतं.

मामांचं मी इथंच सोडतो. आता माझं सांगतो.

भूकंपानंतर पडझड न झालेल्या गावांतही घरं मजबूत करायचं काम निघालं. आमच्या गावात एक तरुण इंजिनिअर आला. चावडीपुढं त्यानं दगड मांडून दाखवलं. म्हणाला, "तुमच्या भिंती रुंद दिसतात, पण ती एक भिंत नाही. बाहेरच्या तोंडाची एक, आतल्या तोंडाची एक, आणि मधी चिपऱ्या आणि माती. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारा आरपार दगडच नाही. हलली की दोन्ही बाजू सुटतात, आणि वरचं ओझं खाली येतं." मग त्यानं तीन गोष्टी सांगितल्या. माळवदावरची माती उतरवा, वीतभरच ठेवा, खाली प्लास्टिकचा कागद अंथरा. भिंतीत ठिकठिकाणी आरपार भोक पाडून त्यात गजाचा आकडा घाला आणि काँक्रीट भरा. भोक दोन्ही तोंडांना रुंद, मधी अरुंद ठेवा, म्हणजे भरलेलं काँक्रीट दोन्ही बाजू धरून ठेवील. आणि खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरकी लाकडं ठोका.

अण्णा घरी आले ते तणतणतच. "कालचं पोरगं मला शिकवलालंय. माझ्या बापानं टाकलेली माती काढू? मग गळंल ते कोन बगंल?"

मी काही बोललो नाही. मला इंजिनिअरचं पटलं होतं. वहीतला हिशेब माझाच होता. पण बापापुढं बोलायची हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर खर्चही नको होता. त्या सालात मूग-उडीद हातचा गेला होता.

तशात शाळेवर नवे गुरुजी आले. बायको आणि दोन लेकरं. त्यांना जागा पाहिजे होती. आमचा मागचा खण आणि त्याच्या पुढची ओसरी रिकामी होती. भाडं येणार होतं. मी दोन पोती सिमेंट आणलं, ती भेग भरली, सगळ्या भिंतीला आतून-बाहेरून गिलावा केला, वर चुना मारला. भिंत नव्यासारखी दिसायला लागली.

गुरुजी जागा बघायला आले. भले माणूस. भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "भिंत चांगली आहे ना हो?"

मी म्हणालो, "शंभर वर्सांची हाय गुरुजी."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. भिंत शंभर वर्षांची होतीच. पण त्यांनी वय विचारलं नव्हतं. खरं बोलूनही माणसाला फसवता येतं, हे मी त्या दिवशी करून बघितलं. आणि किती सोपं असतं तेही.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. रात्री मोठा पाऊस आला की मला जाग यायची. मी कंदील घेऊन उठायचो, मागच्या अंगाला जाऊन भिंत बघायचो आणि परत येऊन पडायचो. बायको विचारायची, "कुठं गेलते?" मी म्हणायचो, "बैलाकडं."

दुसऱ्या पावसाळ्यात एक म्हातारा गवंडी आमच्याकडं आडाच्या कठड्याच्या कामाला आला होता. पाणी प्यायला परसात गेला. परत येताना थांबला. थापीच्या दांड्यानं मागची भिंत ठोकली. थोडं सरकून परत ठोकली. मग ओळंबा काढून वरून सोडला. ओळंब्याची दोरी वर भिंतीला लागून होती आणि मधी भिंतच दोरीला ढकलत होती. भिंतीला पोट सुटलं होतं.

"ह्ये सिमेंट कुनी केलं?"

"मीच."

"मातीच्या भिंतीला सिमेंट करत न्हाईत, मालक. वरून, खालून पानी आत जातंय. मातीचा गिलावा असला की सुकून बाहेर निगतंय. तुमी त्याची वाटच बंद केलाव. आत चिखल झालाय." मग त्यानं ओसरीत वाळत घातलेली लेकरांची कापडं बघितली आणि आवाज खाली आणून विचारलं, "आत कोन निजतंय?"

मी सांगितलं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "भेग आदी बुजवायची नसती. आदी बगायची. तिच्यावर आडवी काचंची पट्टी चिकटवायची, तारीख लिवायची. पट्टी फुटली तर भिंत चाललीय. न्हाई फुटली तर मग बुजवा. तुमी तर तिचं त्वांडच बांदून टाकलं."

त्या संध्याकाळी मी गुरुजींना सगळं सांगितलं. भेग, सिमेंट, इंजिनिअर, सगळं. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं."

त्या रात्री त्यांनी लेकरांची अंथरुणं आमच्या पुढच्या सोप्यात आणून टाकली. बाई एक शब्द बोलल्या नाहीत. काम होईपर्यंत ते आमच्यातच राहिले. दिवाळी झाल्यावर त्यांनी शेजारच्या गावात जागा बघितली. जाताना घरी येऊन चहा घेतला, अण्णांच्या पाया पडले. पण ते वाक्य ते इथंच ठेवून गेले. ते अजून इथंच आहे.

काम कसं केलं तेही सांगतो, म्हणजे कुणाच्या उपयोगी पडलं तर पडेल. आधी तुळयांना खालून टेकू दिले. मग माळवदावरची माती उतरवली. भिंतीला हात सगळ्यात शेवटी लावायचा, आधी वरचं ओझं कमी करायचं. पोट सुटलेला भाग वरून खाली दगड-दगड काढला. उभी भिंत पहारीनं ढकलायची नाही. परत रचताना दर दोन हातांवर दोन्ही तोंडांना पोचणारा लांब दगड घातला. जिथं तेवढा दगड मिळाला नाही, तिथं गजाचा आकडा आणि काँक्रीट. बाकीच्या भिंतीवरचं सिमेंट खरवडून काढलं आणि माती, शेण, भुसा कुजवून त्याचा गिलावा केला. माळवदावर प्लास्टिकचा कागद आणि वर वीतभर माती. कोपऱ्यात तिरकी लाकडं. जे त्या पोरसवदा इंजिनिअरनं दगड मांडून सांगितलं होतं, तेच.

माती उतरवताना अण्णा वर आले नाहीत. दिवसभर लिंबाच्या पारावर पाठ करून बसले. त्या मातीत काय काय निघालं. बांगड्यांचे तुकडे, सागरगोटा, पोळ्याच्या मातीच्या बैलाचं एक शिंग. माती ट्रॉलीत भरून रानात टाकली, कारण पांढरीतली माती रानाला खतासारखी. तिसऱ्या दिवशी बघतो तर अण्णा एकटेच खोरं घेऊन रानात ते ढीग पसरत होते. मला बघून म्हणाले, "बापाची माती हाय. हितं तरी पिकंल." बाकी त्यांनी मला कधी काही विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

तर संध्याकाळी मी पुतण्याला फोन लावला.

आधी कामाचं सांगितलं. म्हणालो, सगळ्याच भेगा वाईट नसतात. गिलाव्यावर केसासारख्या बारीक रेघांचं जाळं असेल तर तो फक्त गिलावा तडकलाय, पुट्टी भर. काँक्रीटचा खांब आणि विटेची भिंत जिथं मिळते तिथं सरळ उभी रेघ असेल, तर ती दोन वस्तूंच्या आकसण्यातल्या फरकाची. ती खरवडून जाळी लाव. स्लॅबला किंवा बीमला गजाच्या रेषेत भेग असेल, तांबूस डाग असेल, तर आत लोखंड गंजलंय, ते उघडलंच पाहिजे. आणि तुझ्यासारखी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी, विटांच्या सांध्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी गेलेली असेल, तर बहुधा पाया हललाय. तुझा प्लॉट काळ्या मातीत. काळी माती पाणी पिली की फुगते, उन्हाळ्यात आकसते. आपल्या रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग पडते, ती तू लहानपणी बघितलीस. पाया मुरमापर्यंत नेला होता का? न्हाणीचं पाणी पायाशी मुरतं का? पाइप फुटलाय का? ते बघ. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण कर, तारीख लिही. पावसाळा जाऊ दे. इंजिनिअरला दाखव.

तो म्हणाला, "नाना, एवढं कोण करतंय? सगळे पुट्टी मारूनच देतात. आणि धोका असेलच असं कुठाय?"

"नसेलही," मी म्हणालो. "पण तुला ते माहीत नाही. आणि बघितलंस तर माहीत होईल, म्हणून तू बघत नाहीस."

हे त्याला बोललो, पण मी बोलत होतो स्वतःशी. या सगळ्यातून मला एवढं कळलंय की न कळणं वेगळं आणि कळून न घेणं वेगळं. मामांना कळलं नव्हतं. त्यांच्या वाट्याला शिक्षा आली, पण पाप आलं नाही. अण्णांना सांगणारा दारात आला होता आणि त्यांनी कान बंद केले. माझं तर त्याहून पुढचं. मला कळलं होतं आणि मी त्यावर चुना मारला. माझं नशीब असं की माझ्या भिंतीखाली कुणी गेलं नाही. पण भिंत पडली नाही म्हणून मी मामांपेक्षा चांगला ठरत नाही. मामांची दोन माणसं गेली तरी ते निर्दोष, आणि माझ्याकडं सगळे जिवंत राहिले तरी मी दोषी. हे जगाच्या हिशेबात बसत नाही, पण माझ्या वहीत बसतं.

कुणी म्हणेल, गरिबानं काय करावं? दुरुस्तीला पैसा कुठून आणावा? खरं आहे. पडक्या भिंतीखाली निजण्यावाचून ज्याला इलाज नाही, त्याला मी शहाणपण शिकवणार नाही. पण दुसऱ्याला सांगायला पैसा लागत नाही. 'या भिंतीला भेग आहे, हे बघा, आता तुम्ही ठरवा,' एवढं म्हणायला दमडी लागत नाही. जाईल ते भाडं जाईल. आपल्या जिवाचं आपण काहीही करावं, पण दुसऱ्याच्या लेकराचं अंथरूण कुठं पडायचं, ते त्याच्या बापाला उघड्या डोळ्यांनी ठरवू द्यावं.

पुतण्या म्हणाला, "बघतो नाना," आणि फोन ठेवला.

चार दिवसांनी त्यानं मोबाइलवर फोटो पाठवला. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीची खूण आणि शेजारी तारीख. मला बरं वाटलं. मी सुनेकडून लिहून घेतलं, "भाडेकरूला दाखवलंस का?"

दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे वाचलं, असं सुनबाई म्हणाली. उत्तर अजून आलेलं नाही. मी वाट बघतोय. मलाही दोन पावसाळे लागले होते.